मामा तलाव वाचवायचाय? लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

गोंदिया-भंडाऱ्याकडे तलावाचं थोडंफार काम करणाऱ्याला जे प्रश्न सारखे येतात ते एकदाचे इथे लिहून टाकतोय, म्हणजे दरवेळी फोनवर तेच तेच सांगायला नको. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत, चालवून घ्या.

मामा तलाव म्हणजे काय? कोणाच्या मामाचा तलाव?

कोणाच्याच नाही. माजी मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जमीनदार), त्यातल्या पहिल्या दोन शब्दांचं पहिलं-पहिलं अक्षर घेऊन सरकारी कागदावर "मामा" झालं आणि तेच तोंडात बसलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत असे तलाव सहा-सात हजारांच्या घरात आहेत, शेतातल्या बोड्या म्हणजे छोटी तळी वेगळीच. धानाचा पट्टा आहे हा, पाऊस भरपूर पडतो पण पडून वाहून जातो, म्हणून उतारावर मातीची पार घालून पाणी अडवायचं आणि खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना द्यायचं, एवढीच साधी आयडिया. पण ती शेकडो वर्षं चालली, आणि एका तलावाचं जास्तीचं पाणी सलंगावरून म्हणजे सांडव्यावरून निघून खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या, अशी साखळीच असायची.

बांधले कोणी?

गोंड राजांच्या काळात मुख्यतः कोहळी समाजाने. राजाने सांगितलं की तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल, अशी गोष्ट घराघरात सांगतात. नवेगावबांधचा तलाव कोलू पटेल कोहळीने बांधला म्हणतात, सात बहिणी नावाच्या टेकड्यांच्या मधे, आणि तिथे कोलासुराला लोक आजही मानतात. बांधणारा माणूस देव झाला अशी उदाहरणं इंजिनिअर लोकांत फार नसतील. पुढे मालगुजारी आली, तेव्हा देखरेख मालगुजाराकडे, पण राबणारे हात गावाचेच. दरवर्षी उन्हाळ्यात पार दुरुस्त करायला घरटी माणूस लागायचा.

मग वाट कधी लागली?

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता, आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते बरंच झालं, त्याबद्दल रडायचं कारण नाही. पण सरकारने तलाव घेतला आणि तलावासोबतची व्यवस्था मात्र कोणीच घेतली नाही. पार कोणी बघायची, तुडूम (पाणी सोडायचं दार) कधी उघडायचं, वरच्या बाजूचं रान कोणी राखायचं, हे सगळं हवेत. नंतर शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आले, मासेमारीचा ठेका वेगळीकडून, काही तलाव वनविभागाच्या हद्दीत. म्हणजे पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा, जमीन तिसऱ्याची, आणि बोंब मारायची तर गावाने.

गाळ काढला की तलाव वाचला ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर लोकांना आवडत नाही. नाही, नेहमी नाही वाचत.

गाळ साचतो हे खरं, साठा कमी होतो हेही खरं, आणि २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेत शेतकरी तो गाळ नेऊन शेतात टाकतात त्याचा फायदाही होतो. पण होतं काय, एकदा पोकलेन गावात आला की कोणाला थांबायचं नसतं. ठेकेदाराला घनमीटरचे पैसे, शेतकऱ्याला फुकट माती, सरपंचाला फोटो. मग काठापासून सरळ उभा खड्डा मारत सुटतात. मामा तलाव हा ताटासारखा उथळ असतो, मधे खोल आणि कडेला पसरट, आणि त्या पसरट कडेलाच सगळा जीव असतो. गुडघाभर पाण्यात वनस्पती उगवते, त्यात मासा अंडी घालतो, तिथेच कमळपक्षी आणि पाणकोंबड्या. ती कडा कापली की तुमच्याकडे तलाव राहत नाही, पाण्याची टाकी राहते.

आणि दुसरं. तळाशी जो जुना चिकण थर बसलेला असतो तोच पाणी धरून ठेवतो. खोदता खोदता तो फुटला आणि खाली मुरूम लागला की पाणी झिरपायला सुरुवात, आणि ज्या तलावात मे महिन्यात म्हशी बसायच्या तो पुढच्या वर्षी मार्चमध्येच ओस. म्हणून काढायचा तर गाळ मधल्या भागातूनच काढा, काठाचा उतार तसाच ठेवा, मुरूम दिसला की मशीन बंद. आणि त्या दिवशी गावातला एखादा म्हातारा ढिवर, म्हणजे मासेमार समाजातला माणूस मशीनजवळ उभा ठेवा, तळ कुठे कसा आहे ते त्याच्या पायांना माहीत असतं.

गाळ येतो कुठून हेही बघा जरा. वरच्या पाणलोटात झाडी राहिली नाही, कोणी नांगरट केली, तर तुम्ही कितीही काढा, दोन पावसाळ्यांत परत भरणार.

पाण्यात खूप गवत वाढलंय, औषध मारून साफ करू का?

औषध अजिबात नको. ते पाणी गुरं पितात, बाया त्यात धुणं करतात, मासे तुम्हीच खाता.

आधी बघा की नेमकं काय वाढलंय. पाण्याखाली वाढणारं हायड्रिला, व्हॅलिसनेरियासारखं काही असेल, वर कमळ-कुमुद असेल, काठाला देवधान असेल, तर तो कचरा नाही, ती तलावाची तब्येत आहे. त्यातच लहान मासे लपतात, बदकं हिवाळ्यात त्याच्यावरच जगतात. फार दाट झालं आणि जाळं टाकता येईना तर थोडं हाताने काढायचं, होडी जाईल एवढी वाट करायची, बस.

बेशरम नावाचं झुडूप किंवा जलपर्णी असेल तर मात्र विषय वेगळा.

बेशरम कशी काढायची? दरवर्षी काढतो, दरवर्षी येते.

येणारच, नाव उगाच नाही पडलं. मूळची दक्षिण अमेरिकेतली, गुरं तोंड लावत नाहीत, आणि कापून टाकलेला तुकडाही ओल लागली की फुटतो. बहुतेक ठिकाणी चूक हीच होते की विळ्याने कापतात आणि काठावरच ढीग लावतात, पाऊस आला की ढीगच उगवतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की मुळासकट खणून काढा, पाण्यापासून लांब नेऊन कडक उन्हात वाळवा, वाळल्यावर जळण म्हणून वापरा. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्याआधी एक फेरी मारून नवे फुटवे उपटा. एका श्रमदानात होणारं काम नाही हे, फोटो काढून घरी जाणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये.

बेशरम काढली, आता जागा मोकळी आहे. पुढे काय?

पुढचं काम बहुतेक गावं करतच नाहीत, आणि खरा फरक तिथेच पडतो. मोकळी जागा तशीच सोडली तर परत बेशरमच येणार. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगावच्या भागात ढिवर समाजासोबत जे काम केलं त्यातून आम्ही सगळेच शिकलो, की तलावाच्या तळात चक्क लागवड करायची, शेतात करतो तशी.

पाणी आटलेल्या भागात नांगर फिरवून कडक झालेला तळ मोकळा करतात. मग जवळच्या चांगल्या तलावातून पाणवनस्पतींचे कंद आणि रोपं आणायची. बाया साड्या खोचून चिखलात उतरतात, मूठभर चिखलाचा गोळा करून त्यात मुळं दाबतात, आणि उथळ पाण्यात तो गोळा पायाच्या अंगठ्याने तळात रोवतात, रोवणी करताना धानाचा हात चालतो तसाच हात. जिथे पाणी थोडं खोल तिथे गोळा नुसता सोडायचा, वजनाने तो खाली बसतो. कोणती वनस्पती किती खोलीला लावायची हे पुस्तकात शोधत बसू नका. ज्या बाया लहानपणापासून त्या पाण्यात झिंगे पकडत आल्या त्यांना विचारा, त्या जागा बोटाने दाखवतील.

मासे कोणते सोडायचे? आम्हाला तर कटला-रोहूचं बीज मिळतं.

सोडा की, मच्छीमार सोसायटीचं उत्पन्न त्याच्यावर आहे, त्याला कोणी नाही म्हणत नाही. फक्त सगळा तलाव त्यांच्याच हवाली करू नका. मरळ, देशी मागूर, लहान-लहान स्थानिक मासे हे बीज विकत न घेता आपोआप वाढतात, अट एवढीच की वनस्पती पाहिजे आणि पहिल्या पावसात मासा वर चढतो तेव्हा त्याला चढू द्यायला पाहिजे. सलंगावर आणि नाल्याच्या तोंडावर त्या दिवसांत जाळी लावून बसणारे शूर लोक प्रत्येक गावात असतात. गावाने ठरवून ते आठ-पंधरा दिवस बंद ठेवले तरी फरक दिसतो.

ग्रास कार्प मात्र टाळा, तो पाण्यातल्या वनस्पतीवरच तुटून पडतो, म्हणजे एका हाताने लागवड आणि दुसऱ्या हाताने चराई. थाई मागूर तर पाळायलाच देशात बंदी आहे, कोणी स्वस्तात बीज देतो म्हणाला तरी नको.

शेतकऱ्यांना पाणी पाहिजे, ढिवरांना मासे. दरवर्षी भांडण होतं, काय करायचं?

हे भांडण खरं आहे, ते समजूत घालून मिटत नाही, कारण उन्हाळी धानाला तुडूम उघडलं की तलाव तळाला जातो आणि मासा मरतो. इथे ठरावच लागतो. तलावात अमुक पातळीच्या खाली पाणी काढायचं नाही, त्या पातळीला दगड रोवा किंवा पारेवर रंगाची खूण करा, सगळ्यांना दिसेल अशी. जुन्या तुडुमांना टप्प्याटप्प्याची भोकं असायची, वरचं भोक आधी आणि पाणी उतरलं की खालचं, म्हणजे किती पाणी गेलं ते आपोआप कळायचं. आता लोखंडी गेट आहे आणि त्याची चावी कोणाकडे आहे यावर गावचं राजकारण.

माझं स्पष्ट मत, खालची पातळी ठरवताना ढिवरांचा शब्द शेवटचा असावा. शेतकऱ्याचं एक पीक जातं, वाईटच आहे, पण मासेमाराचं तर अख्खं वर्ष जातं, आणि ग्रामसभेत त्यांची डोकी कमी असतात म्हणून मतदानात ते दरवेळी हरतात. म्हणून मतदान नकोच. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव बघा, तिथे सर्वसहमती होईपर्यंत बोलत बसतात, वेळ लागतो पण नंतर कोणी मोडत नाही.

तलाव कोणाच्या नावावर आहे हे कसं बघायचं?

आधी तलाठ्याकडे सातबारा आणि गावनकाशा. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. हे दोन जुने कागद विदर्भातल्या लोकांसाठी सोनं आहेत, त्यात कोणत्या तलावावर कोणाचा काय हक्क होता, गुरांना पाणी, आंघोळ, मासे, शिंगाडा, सगळं लिहिलेलं सापडतं. "रेकॉर्ड फाटलंय", "साहेब नाहीत" असं ऐकावं लागेल, तर माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

तलाव वनजमिनीत असेल तर वनहक्क कायदा २००६ बघा. त्यात पाण्यातले मासे आणि इतर उपज यांच्यावर सामूहिक हक्क मागता येतो, आणि पाणलोट व पाण्याचे स्रोत राखायचे अधिकार ग्रामसभेला दिलेत. एक अडचण आहे. ढिवर समाज अनुसूचित जमातीत येत नाही, त्यामुळे त्यांना तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि तिथे परत तेच निस्तारपत्रक कामी येतं. पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा आधार गडचिरोलीत मिळतो, गोंदिया-भंडाऱ्यात नाही, कारण हे जिल्हे अनुसूचित क्षेत्रात नाहीत. हे बरेच कार्यकर्तेसुद्धा मिसळून टाकतात.

पाणथळ कायद्याने आमचा तलाव आपोआप सुरक्षित आहे ना?

इथेच तर मेख आहे. २०१७ चे पाणथळ नियम वाचा, त्यात नदीचं पात्र, धानाची शेतं, आणि सिंचन, पिण्याचं पाणी, मत्स्यपालन वगैरेसाठी मुद्दाम बांधलेल्या जागा व्याख्येतूनच बाहेर ठेवल्यात. मामा तलाव माणसाने बांधलेला, आणि सिंचनासाठी बांधलेला. मग त्यात कितीही पक्षी येवोत. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या केसमध्ये हाच मानवनिर्मितचा मुद्दा कोर्टात गाजला.

दुसरीकडे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१७ मध्ये, इस्रोच्या नकाशातल्या सव्वादोन हेक्टरवरच्या दोन लाखांहून जास्त पाणथळ जागा जपायला सांगितल्यात, त्या यादीत तुमचा तलाव आहे का ते बघून ठेवा. रामसरचं, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीचं म्हणाल तर महाराष्ट्रात नांदूरमधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी, शेजारी गोव्यात नंदा तलाव. मामा तलावांपैकी एकही नाही.

म्हणून कायदा वाचवेल या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती जिवंत करा, २००२ च्या कायद्याने ती प्रत्येक पंचायतीत असायला पाहिजे आणि बहुतेक ठिकाणी ती फक्त रजिस्टरमध्ये असते. लोकजैवविविधता नोंदवहीत तलावाची पानं नीट भरून घ्या, मासे, पक्षी, वनस्पती, कोण काय वापरतं ते. उद्या कोणी रस्ता किंवा ले-आउट घेऊन आला तर दाखवायला गावाचा कागद हातात असतो.

कोणी अतिक्रमण करत असेल तर?

पाणी उतरल्यावर तळात गाळपेर करणारा गरीब माणूस आणि भराव टाकून प्लॉट पाडणारा, या दोघांना एकाच मापाने मोजू नका. पहिल्याशी बसून बोला, हद्द ठरवा. दुसऱ्याचे तारखेसकट फोटो काढा, मोजणी मागा, तहसीलदाराला लेखी द्या आणि पोच घ्या. २०११ चा जगपाल सिंग निकाल अर्जात जोडा, गावाच्या सामायिक जमिनीवरची आणि तळ्यावरची अतिक्रमणं हटवा असं सुप्रीम कोर्टाने त्यात राज्यांना सांगितलंय. हरित लवादाकडे जायचं तर वाद उभा राहिल्यापासून साधारण ६ महिन्यांत जावं लागतं, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसतं. लोक तिसऱ्या वर्षी जागे होतात आणि मग वकील हात वर करतो.

तलावाभोवती वॉकिंग ट्रॅक, लाइट, कारंजं मंजूर झालंय. चांगलं आहे ना?

कोणासाठी? सिमेंटची भिंत घातली की गुरं उतरू शकत नाहीत, होडी लावता येत नाही, काठ संपतो, आणि रात्रभर दिवे लागले की पक्षी जातात. तोच निधी पार दुरुस्तीला, सलंगाला आणि वरच्या नाल्याला वळवून मागा. मिळेलच असं नाही, पण ग्रामसभेचा ठराव असेल तर निदान डिझाइन बदलून घेता येतं. बसायला चार बाकं ठेवा पारेवर, त्याला कोणाची हरकत असणार.

सारस आमच्या शेतात घरटं करतो, धान तुडवतो. त्याचं काय?

महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदियात, थोडेफार भंडारा-चंद्रपुरात, आणि तो अजून दिसतो तो शेतकऱ्यांमुळेच. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानेही या विषयाची स्वतःहून दखल घेतली. तो बांधीत किंवा तलावाच्या उथळ भागात गवताचा ढीग करून अंडी घालतो, बहुधा दोन. तेवढा तुकडा सोडून कापणी करा, त्या भागात फवारणी नको, कुत्री लांब ठेवा, आणि वनविभागाला व गावातल्या सारसमित्रांना कळवा. विजेच्या तारा खाली लोंबत असतील तर तेही लेखी द्या, सारस तारांना धडकून मरतात. घरट्याचं लोकेशन मात्र फेसबुकवर टाकू नका, प्लीज. फोटोवाल्यांची रांग लागते आणि जोडी घरटं सोडते.

आमच्या गावाला तलाव नाही, नदी आहे. हेच चालेल का?

थोडंफार. नदीची गंमत अशी की घाण करणारा तुमच्या गावचा नसतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे गोसेखुर्दच्या पाण्यात येतं, आता खालच्या गावाने कितीही श्रमदान केलं तरी काय उपयोग. तिथे काठावरच्या गावांनी एकत्र येऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाण्याचे रिपोर्ट मागणं, मासे मेले की त्याच दिवशी पंचनाम्याचा आग्रह धरणं, हेच काम. एका गावाला सांभाळता येईल अशी गोष्ट म्हणजे नदीला मिळणारे आपले ओढे आणि डोह. डोहात जिलेटिन आणि विष टाकून मासे मारणं बंद करा, एवढं तर गाव करूच शकतं.

विसर्जनाचं काय करावं?

शाडूची मूर्ती, बादलीत किंवा गावाने केलेल्या हौदात. पीओपी तलावात नको. यावर भांडायची माझी इच्छा नाही.

सुरुवात कुठून करू? गावात कोणी ऐकत नाही.

मीटिंगपासून करू नका. आधी तलावावर पोट असलेली माणसं शोधा, मासे पकडणारे, शिंगाडा लावणारे, म्हशी आणणारे, धुणं धुणाऱ्या. त्यांच्यासोबत एकदा पूर्ण पारेवरून फिरा, कुठे फुटते, कुठे घूस लागली, कुठून घाण येते ते बघत. ती माणसं पुढे आली की बाकीचं गाव मागून येतं, उलटं झालेलं मी पाहिलं नाही. तरुण मंडळ घेऊन केलेली सफाई मोहीम एका रविवारची असते, आणि तिथे बायांना बोलावतात ते नाश्ता बनवायला. ते तर पहिलं बंद करा.

पैसे नंतर. रोजगार हमीतून पार आणि पाटाचं काम घेता येतं, गाळाची योजना आहे, पंचायतीच्या आराखड्यात टाकता येतं. पण एस्टिमेट कसं झालंय ते वाचा, "खोलीकरण" असा शब्द दिसला की किती आणि कुठे ते विचारा.

मी पुण्याला नोकरीला आहे, गावी जाणं होत नाही. पैसे पाठवू का?

पैसे कमी, कागद जास्त पाठवा. गावातल्या लोकांना रेकॉर्ड रूमच्या चकरा परवडत नाहीत, एक दिवस गेला की एक मजुरी गेली. जुन्या नोंदी ऑनलाइन शोधणं, माहिती अधिकाराचे अर्ज टाइप करणं, उपग्रहाचे जुने-नवे नकाशे बाजूबाजूला ठेवून तलाव कुठून आत सरकला ते दाखवणं, हे तुम्ही घरी बसून करू शकता. दिवाळीत गावी जाल तेव्हा प्रिंट घेऊन जा, ए-थ्री साइजमध्ये, लहान कागदावर म्हाताऱ्यांना दिसत नाही.